दोर कापल्यावर : नेतृत्व आणि गटातल्या विश्वासाचा आढावा

माघ वद्य नवमीला उमरठला माणसं लोटतात. पोलादपूर तालुक्यातल्या या गावात शिवाजी महाराजांचे सरदार तानाजी मालुसरे यांची समाधी आहे, शेलारमामांचीही आहे. तानाजींचा जन्म जावळीतल्या गोडवलीचा मानतात, पण कोंढाण्यावरून देह आणला तो इथे. ज्या घाटाने आणला त्याला त्यावरूनच मढे घाट म्हणू लागले, असं घाटाच्या वरचे आणि खालचे दोघेही सांगतात. पुण्यतिथीच्या भाषणांत एक शब्द हमखास येतो : नेतृत्व. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत व्यवस्थापकांना जे दोन-दोन दिवसांचे वर्ग देतात, तिथेही कोंढाणा, म्हणजे सिंहगड, चुकत नाही. पडद्यावर सिंहगडाचं चित्र, खाली 'ध्येय', 'झोकून देणं', 'संघभावना'. दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र.

कोंढाण्याचा प्रसंग मात्र या भाषणांपेक्षा बराच अडचणीचा आहे. ४ फेब्रुवारी १६७०च्या त्या रात्री मावळ्यांचा म्होरक्या तानाजी ऐन लढाईत पडला. नेतृत्व म्हणजे काय, ते शिकून येतं का आणि हाताखालच्या माणसांचा विश्वास कशाने बसतो, हे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. म्होरक्या असेपर्यंत सगळेच गट बरे दिसतात.

लोकपरंपरा सांगते की तानाजी पडलेले पाहून मावळे माघारी वळले. तेव्हा कड्यावरचे दोर कापून टाकले गेले आणि आता मरा किंवा लढा, एवढंच उरलं. दोर कोणी कापले? कुणी तानाजींच्या भावाचं, सूर्याजींचं नाव घेतं, कुणी शेलारमामांचं. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत बसून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तिच्यात कडा चढायला लावलेली, सगळ्यांच्या तोंडी असलेली घोरपड नाही. तानाजी आणि किल्लेदार उदेभान एकमेकांशी झुंजून पडले, मग भाऊ सूर्याजीने हिंमत धरून लोकांना सावरलं आणि गड घेतला, एवढंच ती सांगते. या दोन कथनांत फरक मोठा आहे. एकात माणसं परतीची वाट बंद झाली म्हणून लढली. दुसऱ्यात त्यांना सावरणारा दुसरा माणूस जागेवर होता म्हणून लढली. प्रशिक्षणाच्या वर्गांना पहिली कथा आवडते, कारण ती नाट्यमय आहे. मला दुसरी जास्त खरी आणि जास्त उपयोगाची वाटते.

दोराचा उपाय तानाजींनी स्वतःही एकदा केला होता. १६६१ साली संगमेश्वरावर शृंगारपूरच्या सुर्व्यांनी रात्री छापा घातला. तेव्हा बरोबरचा पिलाजी नीळकंठराव पळू लागला. तानाजींनी त्याला धरून दोराने दगडाला बांधला आणि आपण लढत राहिले, असं परमानंदाच्या शिवभारतात आहे. अशा वेळी दुसरा इलाजही नसतो. पण बांधलेल्या माणसाच्या जोरावर एखादी रात्र निघते, राज्य उभं राहत नाही. म्हणून पुढारपणाचं कसब शोधायचं तर रात्रीच्या छाप्यांपेक्षा मधल्या शांत दिवसांत काय बांधून ठेवलं होतं, ते पाहावं लागतं.

शिवकाळात ते बरंच बांधलेलं दिसतं. सभासद सांगतो त्याप्रमाणे गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे बरोबरीचे आणि कोठाराचं काम कारखानिसाकडे. जातीही मुद्दाम वेगवेगळ्या ठेवलेल्या. एकट्याला फितूर होऊन गड परक्याच्या हाती देता येऊ नये, ही त्यामागची अक्कल. वरवर पाहता हा अविश्वास वाटेल. 'माझा माझ्या माणसांवर पूर्ण विश्वास आहे' असं म्हणणारे साहेब अशा व्यवस्थेला नाक मुरडतात. प्रत्यक्षात एकमेकांवर लक्ष असण्याची सोय आधीच केलेली असली की रोज संशय घेत बसावं लागत नाही. प्रामाणिक हवालदारालाही तिचा आधार असतो, कारण उद्या काही उणं झालं तर त्याच्या बाजूने बोलणारे दोघे असतात. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात केअर या संस्थेने १९९१ साली बायकांचे बचत गट सुरू केले. त्या पद्धतीत गटाच्या पेटीला तीन कुलपं लागली आणि किल्ल्या तिघींकडे राहिल्या. गडाची ती युक्ती त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. गरज सारखी, म्हणून तोडगाही सारखा निघाला.

दुसरा पुरावा कागदावरचा आहे. १६७४च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, हा त्यातला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. नेतृत्वाच्या दृष्टीने मला त्यातला गवताचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. वैरण आत्ताच मनमानी चारलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही आणि घोडी मरतील. आगट्या, चिलमी बेभान वापरल्यात, दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात घेऊन जाईल, गवत पेटेल, खण जळतील. राज्याभिषेक जेमतेम महिन्यावर आलेला असताना राजा उंदराबद्दल लिहितो. हुकमाबरोबर त्याचं कारण देतो, आणि कारण असं की घोड्याला खरारा करणाऱ्यालाही पटावं. चिडलेल्या सूचनांच्या ढिगाने हे साधत नाही. आजच्या कार्यालयांतली परिपत्रकं शेजारी ठेवून हे पत्र वाचलं तर फरक लगेच कळतो.

पण नुसते गोडवे गाऊन हा विषय पुरा होत नाही. पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर पोचला नाही म्हणून १६६६ साली नेताजी पालकराला फौजेच्या सरनोबतीवरून दूर केलं गेलं. तो विजापूरकरांना मिळाला, तिथून मोगलांना. दहा वर्षांनी परत आला आणि त्याला परत घेतलंही. प्रतापराव गुजराने उमराणीला विजापूरच्या बहलोलखानाला कोंडून मग जाऊ दिलं. त्यावर महाराजांची जी बोलणी खावी लागली ती त्याच्या इतकी जिव्हारी लागली की २४ फेब्रुवारी १६७४ला नेसरीजवळ मोजक्या स्वारांनिशी तो खानाच्या फौजेवर तुटून पडला आणि गेला. आपण याचं वीरकाव्य केलं. कारभाराच्या नजरेने पाहिलं तर राज्याभिषेकाच्या तोंडावर एक सरसेनापती वाया गेला. वरच्या माणसाचा शब्द खाली पोचेपर्यंत किती जड होतो, याचं याहून कडक उदाहरण मला माहीत नाही. ज्या गटात निष्ठा फार असते तिथे वरच्याने बोलताना जास्त जपावं लागतं, कारण खालचा ते शब्दशः घेतो.

आता शास्त्रीय अभ्यासांकडे वळू. तिथे फार रेंगाळायचं कारण नाही, कारण गेल्या शंभर वर्षांत नेतृत्वावर जेवढं लिहिलं गेलं त्यातलं बरंच एकमेकांची उजळणी आहे. तीन-चार गोष्टी मात्र टिकाऊ आहेत. कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९मध्ये दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हुकमी पुढारी खोलीत असेपर्यंत मुलं मुकाट काम करत आणि तो बाहेर गेला की काम थंडावे. चर्चेने चालणाऱ्या मंडळात पुढारी असला-नसला तरी फारसा फरक पडत नसे. कोंढाण्याचा प्रश्न हाच, फक्त इथे रक्त नव्हतं. १९९५ साली मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तिघांनी विश्वासाचे तीन पाय सांगितले : वकूब, आपुलकी आणि सचोटी. तिन्ही लागतात. माणूस सज्जन आहे पण काम येत नाही, किंवा काम चोख पण आपल्याला विकून खाईल, अशा दोन्ही साहेबांचा अनुभव वाचकांना असेलच.

तिसरी गोष्ट एमी एडमंडसन यांची. इस्पितळांत औषध देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या जमलेल्या गटांत चुका कमी असतील ही अपेक्षा होती, आकडे उलटे आले. खोलात गेल्यावर कळलं की चांगल्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी झाकल्या जात होत्या. यातून त्यांनी १९९९ साली गटातल्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली : बोललो तर आपली फजिती किंवा शिक्षा होणार नाही, हा गटातला सगळ्यांचा भरवसा. पुढे गूगलने आपल्याच सुमारे १८० गटांचा अभ्यास केला, त्यातही हीच गोष्ट सगळ्यांत वर निघाली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथे ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. रात्रपाळीत रिअ‍ॅक्टरचं तापमान चढताना पाहणारा कंत्राटी कामगार शिफ्ट इन्चार्जला झोपेतून उठवायला कचरतो की नाही, यावर सगळ्यांचे जीव अवलंबून असतात. भिंतीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलेलं असतंच. मागच्या खेपेला ज्याने खोटा का होईना, पण इशारा दिला, त्याला शाबासकी मिळाली की खेकसणं, हे मात्र पाळीतल्या प्रत्येकाच्या लक्षात असतं.

वाईट बातमी वर पोचवण्याची सोय आपल्याकडे कुणी केलीच नाही, असं मात्र नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत वारकरी घरं पुष्कळ, त्यांना हे सांगायला नको. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ते शिंद्यांच्या सरदारीत राहिलेले, त्यामुळे दिंड्यांचे क्रम, मुक्काम, तळ सगळं लष्करी आखणीचं. मुक्कामी पालखी तळावर आली की समाजआरती असते. दिंड्या भोवताली उभ्या राहतात, टाळ-मृदंग चालू असतो. चोपदार हातातला चोप उंचावतो आणि हजारो माणसांचे टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती मात्र टाळ थांबवत नाही, वाजवत राहते. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यात टाळ चालू. मग चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं काय ते ऐकतो, त्याची तड लावतो किंवा लावण्याचा शब्द देतो. त्यानंतर टाळ थांबतात आणि आरती होते.

ही रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. तक्रार करायला कोणी कुणाच्या दारात जात नाही, अधिकारी तक्रारीकडे येतो. ती सगळ्यांदेखत होते, त्यामुळे दडपता येत नाही. तक्रार दिंडीची म्हणून होते, एकटा माणूस उघडा पडत नाही. आणि ती ऐकल्याशिवाय आरती पुढे सरकत नाही. कंपन्यांच्या सूचनापेट्यांत यातलं एकही कलम नसतं. पेटी कोपऱ्यात, किल्ली साहेबाकडे, उत्तर कधी येईल ते देव जाणे.

या मुलखातलं सगळ्यांत मोठं उदाहरण अजून बाकी आहे, आणि ते १९२७चं महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. हे सगळं कागदावर. अस्पृश्यांपैकी तळ्यावर जायला कोणी धजत नव्हतं. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव हिंडून माणसं जमवली, सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे सोबत उभे राहिले, तेव्हा मार्चमधली परिषद झाली. परिषदेला पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. २० मार्चला डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले, पाणी प्याले, मागोमाग लोक प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून जमावाने परतणाऱ्या प्रतिनिधींना झोडपलं. जमलेल्यांत फौजेतून परतलेले पुष्कळ होते, बदला घ्यायची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि ते आवरले.

खरी कसोटी डिसेंबरात लागली. तळं खासगी मालकीचं असल्याचा दावा लावून विरोधकांनी कोर्टाकडून मनाई मिळवली होती. २५ डिसेंबरला परिषद भरली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जागेत, कारण दुसरं कोणी जागा देईना. त्या संध्याकाळी मनुस्मृती जाळली. सत्याग्रहासाठी साडेतीन हजारांवर माणसांनी नावं दिली, म्हणजे तुरुंगात जायची तयारी दाखवली. कलेक्टरने येऊन सभेपुढे आपलं म्हणणं मांडलं. उलटसुलट भाषणं झाली. आणि शेवटी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव स्वतः बाबासाहेबांनी आणला. मनाई कोर्टाची आहे, आपलं भांडण सरकारशी नाही, कायद्याने हक्क सिद्ध करू, ही त्यांची मांडणी. लोकांनी तो स्वीकारला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून शांतपणे परतली.

लढायला सज्ज झालेल्या गटाला थांबायला सांगणं हे पुढाऱ्याचं सगळ्यांत अवघड काम. कितीतरी पुढारी अशा वेळी लोकांच्या मागे फरपटत जातात आणि त्यालाच लोकशाही म्हणतात. इथे लोक थांबले, याची कारणं शोधली तर व्यक्तिमत्त्वाचा करिष्मा हे उत्तर मला अपुरं वाटतं. विरोधी मत सभेपुढे खुलेपणाने आलं होतं, अगदी कलेक्टरचंही. माघारीचं कारण लपवलं नव्हतं. मार्चमध्ये पहिलं पाऊल बाबासाहेबांनी स्वतः टाकलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे ही माघार भीतीची आहे असं म्हणायला वाव नव्हता. आणि दिलेला शब्द त्यांनी सोडला नाही. दावा खालच्या कोर्टापासून वर चढत गेला आणि १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. नऊ वर्षांहून अधिक काळ एक तहकूब सत्याग्रह कोणीतरी उराशी धरून होतं. वकूब, आपुलकी, सचोटी या तिन्हींची परीक्षा एकाच दाव्यात झाली.

काही वेळा विश्वास बसायला एवढा अवधीच नसतो. २८ जुलै २०१८ला पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावर आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत गेली. एकजण वाचला. दरीत उतरून मृतदेह वर काढण्यात महाबळेश्वर आणि आसपासचे गिर्यारोहक पुढे होते. पोलीस, महसूल खातं, गावकरी आणि गिर्यारोहक त्या दिवशी एका कड्यावर एकत्र आले, एरवी त्यांची ओळखदेख असण्याचं कारण नव्हतं. अशा घाईच्या गटांवर मेयरसन, वाइक आणि क्रेमर यांनी १९९६मध्ये लिहिलं आहे. माणसं तिथे एकमेकांचा स्वभाव जोखत बसत नाहीत, प्रत्येकाच्या कामावर भरवसा टाकतात. गाठ कोणी बांधली हे कळलं की पुरे. अशा जागी हुद्दा मागे पडतो. दोर ज्याला कळतो त्याचं ऐकायचं, हे वरच्या अधिकाऱ्याने पटकन मान्य केलं तर काम सुरळीत होतं. २२ जुलै २०२१ला महाड पाण्यात बुडालं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. रस्ते तुटले, फोन बंद पडले. पहिले काही तास हाताशी असलेल्या शेजाऱ्यांवरच निभावले. अशा वेळी कोणाला काय येतं हे गावाने आधीच ठरवून ठेवलेलं असेल तर घटका-घटका वाचतात. ग्रामपंचायतींच्या आपत्ती आराखड्यांत ही यादी असते. ती ताजी ठेवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला टाळ्या पडत नाहीत.

बायकांच्या पुढारपणाबद्दलही थोडं. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. 'सही तिची, कारभार नवऱ्याचा' हा टोमणा अजून ऐकू येतो आणि पुष्कळ ठिकाणी तो खराही आहे. पण पश्चिम बंगालच्या गावांत लोरी बीमन, एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००९ साली आला, त्यात एक गोष्ट दिसली. स्त्री प्रधान एकदाही न पाहिलेल्या गावांत पुरुष तेच भाषण बाईच्या आवाजात ऐकलं की कमी गुण देत. आरक्षणामुळे ती पाहिलेल्या गावांत हा फरक जवळपास मिटला होता. विश्वास आधी आणि संधी नंतर, हा आपला आवडता क्रम इथे उलटा पडतो.

तेव्हा कसब शिकून येतं का? येतं, पण वर्गात नाही. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, या खेळाने सोमवारच्या बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. बैठकीत सगळ्यांत धाकट्याला आधी बोलू देणं, निर्णयाचं कारण सांगणं, चुकीची बातमी आणणाऱ्यावर न खेकसणं, आपल्या गैरहजेरीत कोण सावरणार हे नाव घेऊन सांगणं : एवढ्या सवयी करून पाहाव्यात. त्यांना वर्षं लागतात, म्हणून त्या विकायला बऱ्या पडत नाहीत.

एक गोष्ट मात्र या विषयावरचे बहुतेक लेख सोडून देतात. घट्ट विश्वासाचा गट चांगलाच असतो असं नाही. १९२७ साली महाडात लाठ्या घेऊन धावलेला जमावही एकमेकांवर भरवसा ठेवूनच धावला होता. आपल्याकडच्या गावक्यांचं तेच आहे. चाकरमान्यांची मुंबईतली मंडळं आणि गावातली गावकी यांच्या एकजुटीवर देवळं, साकव, पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, वर्गणी घरागणिक, शिल्लक पैशासकट. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, 'किरकोळ म्हणजे काय ते फोडून सांगा.' काही वाड्यांत खजिनदार हसून वही पुढे करतो. आणि काही वाड्यांत विचारणाऱ्याच्या घरच्या लग्नाला कोणी जात नाही, मयताला खांदा मिळत नाही, त्याच्याशी बोलणाऱ्याला दंड बसतो. वाळीत टाकण्याच्या इतक्या तक्रारी रायगड जिल्ह्यातून आल्या की राज्यात त्यासाठी वेगळा कायदा करण्यामागे त्यांचाही हात होता. विधिमंडळाने तो २०१६ साली संमत केला, जुलै २०१७पासून तो अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हिशेब विचारणाऱ्याला आता गावकीबाहेर दाद मागता येते, पण गुन्हा नोंदवून तो त्याच वाडीत परत राहायला जातो आणि पुढच्या सभेची नोटीस त्याच्या घरी जाते की नाही, हे पुन्हा गावकीचे म्होरकेच ठरवतात.